एकेचाळीस नंबरची बाटली

रुचिकाने चिमट्याने शेवटचा दाणा उचलला, उजेडात धरला आणि वहीत आणखी एक उभी रेघ ओढली. मग रेघा मोजल्या. परत मोजल्या. तिसऱ्यांदा मोजताना तिचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "काकाजी, शंभरात चौऱ्याण्णव!"

तेजराम खिडकीची काच पुसत होता. विभागाचा परिचर तो. सव्वीस वर्षं याच काचा पुसत आला होता. त्याने वळून पाहिलं नाही. ओल्या टिपकागदावर धानाला फुटलेले पांढरे कोंब त्याने सकाळी कुलूप उघडल्याबरोबर पाहिले होते, लेकराचे पहिले दात पाहावेत तसे.

"कोनती बाटली?" त्याने विचारलं.

"सतरा. लुचई धान. साल दोन हजार सहा." ती खुर्चीवरून उठली, परत बसली. "एकोणीस वर्षांचं बी हाये काकाजी हे. तीन वर्षांत धान मरते म्हणून पुस्तकात लिहून हाये. आन् हे उगवून राहिलं!"

तेजरामचं फडकं काचेवरच थांबलं. तो काही बोलणार तेवढ्यात ती चपला फटफटवत विभागप्रमुखांना बोलवायला धावली.

डॉ. धनराज हटवार आले ते धावत आले नाहीत, पण जिना त्यांनी दोन-दोन पायऱ्यांनी चढला होता हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही सर."

"बोलू नकोस." त्यांनी सतरा नंबरची बाटली हातात घेतली. निळ्या शाईत, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लेबल होतं: लुचई, सानगडी, २००६. आत धानावर राखेचा पातळ थर, कडुनिंबाची वाळलेली पानं. सरांनी ती बाटली गालाला लावायची तेवढी बाकी ठेवली. "ही राख. हा कडुनिंब. हे झाकणावरचं मेण. रुचिका, हीच पद्धत. हीच!"

"सर जी, थे बी..." तेजराम पुढे झाला.

"तेजराम, दोन चहा सांग. चांगला सांग आज."

तेजराम चहा सांगायला गेला, आणि सांगायचं ते राहून गेलं.

आता हे विद्यापीठ म्हणजे काय, तर साकोलीच्या अलीकडे महामार्गाला लागून तीन इमारती आणि त्या तिन्हींपेक्षा मोठं प्रवेशद्वार. आत काय शिकवतात हे बसमधल्या माणसाला कळत नाही, पण द्वार दिसतं. या विद्यापीठात कधीकाळी एक माणूस खरोखर काम करत होता. लक्ष्मणराव सर. सायकलला पिशवी अडकवून ते सानगडीपासून पार बपेऱ्यापर्यंत हिंडले आणि म्हाताऱ्या बायांच्या ढोल्या-कणग्यांतून मूठमूठ जुनं धान मागून आणलं. बासष्ट बाटल्या भरल्या. बाटली भरली की आपल्या हाताने लेबल लिहायचे आणि तेजरामला म्हणायचे, "हे कैदेत टाकलं आपण. बी बाटलीत नाही जगत, बांधीत जगते."

बी जगवायचं तर दर तीन वर्षांनी पेरावं लागतं. सरांनी रीतसर अर्ज केला की बासष्ट वाणांपैकी वीसेक वाण दरवर्षी पेरणीसाठी बाहेर काढू द्यावेत. भांडार विभागाने विचारलं, बी बाहेर गेल्यावर ती वस्तू खर्ची टाकायची की दुरुस्तीला पाठवली असं दाखवायचं? वर तीन दरपत्रकं मागवली. सरांनी तो कागद चार तुकडे करून तेजरामच्या हातात दिला. "कागद मरू दे. बी मरू नको देऊ."

तेजरामची तलावाखाली दीड एकराची बांधी होती, धानाची. तिच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात वीसेक वाणांच्या वीसेक ओळी उभ्या राहू लागल्या. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी काडी, काडीला वेगळ्या रंगाची चिंधी. बाटलीतलं अर्धं बी पेरायचं, अर्धं राखायचं. नवं धान हाती आलं की जुनं चिमण्यांना टाकायचं, बाटली धुऊन नवं भरायचं, वर राख, वर पाला. सर निवृत्त झाले, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. शोकसभेला फलक होता, माणसं नव्हती. पण कोपऱ्यातल्या ओळी एकाही वर्षी चुकल्या नाहीत.

चुकलं ते एकच. बाटलीत नवं धान भरताना तेजरामने लेबल कधी बदललं नाही. सरांचं अक्षर होतं ते. ते खरवडून काढायला त्याचा हात धजला नाही.

पंधरा दिवसांत 'हटवार पद्धत' वर्तमानपत्रात आली. प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागला: हटवार सर, त्यांच्या हातात बाटली, मागे कुलगुरू. दिल्लीहून मूल्यांकन समिती येणार होती आणि विद्यापीठाला दाखवायला या बाटल्यांखेरीज फारसं काही नव्हतं. काचेचं नवं कपाट आलं, त्याला कुलूप आलं. एक किल्ली सरांकडे, एक रुचिकाकडे. तेजरामची बदली परीक्षा विभागात झाली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला.

"बाटल्यांना आता कोणी हात लावायचा नाही," सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "एकोणीस वर्षं त्या बियांना कोणाची गरज पडली नाही."

तेजराम सुतळीला गाठ मारत होता. ती त्याने जरा जास्तच आवळली.

घरी चंद्रकलाने ताट वाढलं आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं? बाटलीतल्या सवतीनं हाकलून देल्लं का?"

"कुलूप लावलं."

"बरं झालं. एकोणीस साल तिची हगमूत काढली. आता सायेबलोकं काढतीन."

"पानबुडी आत राहिली वं."

चंद्रकला वाढता वाढता थांबली. पानबुडी म्हणजे काय ते तिला सांगावं लागत नव्हतं. तिच्या सासूच्या वेळी तलावाच्या तोंडाशी हेच धान लागायचं. काळपट टरफल, लांब कुसळ, आठ दिवस पाण्याखाली बुडालं तरी पाणी उतरल्यावर उभं राहणारं. आता ते कोणाच्या घरी नव्हतं. एकेचाळीस नंबरच्या बाटलीत होतं आणि त्यांच्या कोपऱ्यात होतं. मागच्या साली नागझिऱ्याच्या जंगलातून डुकरं उतरली, त्यांनी नेमकी पानबुडीची ओळ लोळवली. तिची एकही लोंबी हाती लागली नाही. राखलेलं अर्धं बी तेवढं बाटलीत उरलं होतं, दोन मुठी.

"औंदा नाही पेरलं त?"

"औंदा नाही पेरलं त गेलं."

भाताची मूद त्याच्या ताटात जरा मोठीच पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रुचिकाकडे गेला. ती प्रयोगशाळेत एकटी बसली होती, समोर तक्ता मांडून. ही पोरगी सानगडीची. चिखलात पाय घालून वाढलेली. शंभर दाणे तीनदा मोजणारी पोरगी खोटं बोलणार नाही, असं तेजरामला वाटत होतं. माणसाला वाटतं तसं.

त्याने सगळं सांगितलं. अर्ज, कागदाचे तुकडे, चिंध्या, लेबल.

रुचिका हसली. "कायले मजाक करता काकाजी."

"तुह्या तक्त्यात पाह्य ना. काही बाटल्याइले नव्वदच्या वर आले, बरोबर? काही ऐंशीच्या घरात. काही साठ-बासष्ट. मधातला आकडा हाये का येक तरी?"

तिचं हसू गेलं. तिने तक्ता जवळ ओढला. या तीन गठ्ठ्यांनी तिला महिनाभर छळलं होतं. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, सरासरी काढ आणि पुढे चल.

"नव्वदवाल्या मागच्या सालच्या," तेजराम हळू बोलत होता, लहान पोराला पाढे शिकवावेत तसा. "ऐंशीवाल्या त्याच्या आधीच्या. साठवाल्या त्याच्याही आधीच्या. आन् एकेचाळीस नंबरले किती आले?"

"एकोणचाळीस," ती म्हणाली. तिला तक्ता पाहावा लागला नाही. "ती एकटीच तशी हाये. आमी ती चूक म्हणून गाळून टाकली."

"थे चूक नोहोय. थे डुकरं व्हत."

रुचिकाने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"तू किल्ली दे," तेजराम म्हणाला. "पुनर्वसू निघायच्या आत रोपाइचे परे टाका लागतीन. मले त्याच दोन मुठी पाह्यजे. बाकी तुमच्या पद्धतीचं तुमी पाहा."

"कोनाले सांगतलं हे?"

"कोनालेच नाही."

"नका सांगू." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "तीन विषय बदलले माहे काकाजी. पयला गाइड बदलून गेला, दुसऱ्यानं विषय दुसऱ्याले देल्ला. पाच वर्षं झाले. घरी लोकं पाहाले येतात त बाबा सांगते, पोरगी डॉक्टर होऊन राहिली. कोनते डॉक्टर विचारलं का चूप बसते."

"मी कुठं म्हनतो का..."

"उद्या सांगते मी तुमाले."

उद्या तिने सांगितलं नाही. उद्या सरांनी बोलावलं.

सरांच्या खोलीत तेजराम सव्वीस वर्षांत शेकडो वेळा गेला होता, पण त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. सरांनी खुर्ची दाखवली. "बस." तो उभाच राहिला. मग सरांनी दार लोटलं आणि त्यांची भाषणातली भाषा कोट काढून ठेवावा तशी निघून गेली.

"बस ना बे, तेजराम. रुचिकानं सांगतलं मले. मी रागावलो नाही."

तेजराम खुर्चीच्या कडेवर टेकला.

"तू दरसाल पेरून राहिला, भरून राहिला. बरोबर? मंग करत राह्य. मी काय म्हणतो, बंद कायले करतं? उलट आता जोमानं कर. समिती बाटल्या तपासाले नेईन, पुढच्या साली बी नेईन. बी जितं पाह्यजे."

"पन सर जी, थे एकोनीस सालचं बी नोहोय ना."

"लेबल काय म्हणते?"

"लेबल त..."

"मंग झालं." सरांनी खण उघडून किल्ली काढली आणि टेबलावरून सरकवली. "लेबल तूच ठेवलं, मी नाही ठेवलं. चौकशी बसली त पयले कोनावर बसंन? दोन वर्षं राहिले न तुहे? पेन्शनची फाइल माह्याच सहीनं पुढं जाते."

वरून किती सोपं होतं. जे तो चोरून करत आला ते आता साहेबाच्या हुकमाने करायचं. तेच धान, तीच बांधी, त्याच चिंध्या. फक्त आजवर तो बी जगवत होता; इथून पुढे एक खोटं जगवायचं होतं.

त्याने किल्ली उचलली. नाही कशी उचलणार? एकेचाळीस नंबर आत होता.

समिती सोमवारी येणार होती. रविवारी दुपारी इमारतीत चिटपाखरू नव्हतं. तेजरामने काचेचं कपाट उघडलं, एकेचाळीस नंबरची बाटली काढली आणि पानबुडी कापडी पिशवीत ओतली. दाणा खाली राहू नये म्हणून बाटली तीनदा आपटली. मग रिकामी बाटली जागेवर ठेवली.

काम झालं होतं. कुलूप लावून निघायचं तेवढं होतं. तो निघाला नाही.

त्याने फडकं ओलं केलं आणि सतरा नंबरच्या लेबलावर ठेवलं. कागद भिजला, कडा सुटल्या. नखाने, साल काढतात तसं, त्याने लक्ष्मणराव सरांचं अक्षर न फाडता सोडवलं आणि परीक्षा विभागातून आणलेल्या एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पानांत वाळत घातलं. मग दुसरं. मग तिसरं. पाच वाजेपर्यंत बासष्ट बाटल्या उघड्या-बोडक्या झाल्या होत्या.

मग तो लिहायला बसला. हाताला लिहायची सवय नव्हती. सही आणि हजेरी सोडली तर त्याने वर्षानुवर्षं पेन धरला नव्हता. लुचई. मूळ बी सानगडीचं, लक्ष्मणराव सरांनी आणलं. हे धान तेजरामच्या बांधीतलं, साल २०२४. ओळी चढ-उतार झाल्या, काना-मात्रा इकडेतिकडे पडल्या. पण साल प्रत्येक बाटलीवर खरं होतं. एकेचाळीस नंबरवर त्याने लिहिलं: पानबुडी. बाटली रिकामी हाये.

सोमवारी नऊ वाजता रुचिका नवी साडी नेसून आली, कपाटापाशी गेली आणि तिथेच थांबली. तेजराम कोपऱ्यात कप मोजत होता; समितीच्या चहासाठी त्याला आजच्यापुरतं परत बोलावलं होतं.

"काकाजी, हे काय केलं?"

"जे हाये थे लिवलं."

"साडेदहाले समिती येते!"

"म्हनूनच त रविवारी लिवलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं की भीतीचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. "माही पाच वर्षं हायेत यात. तुमचं काय गेलं असतं? बी त तुमाले भेटलं ना?"

हे खरं होतं. तेजरामने ती जाडजूड उत्तरपत्रिका उचलली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. पानापानांत जुनी लेबलं होती, वाळलेली, अखंड.

"हे लक्ष्मणराव सरांचं अक्षर," तो म्हणाला. "मले फाडता नाही आलं. पाह्यजे त लाव. गोंद टेबलावर हाये."

"आन् तुमी?"

"मी चहाचं पाह्यतो."

उपाहारगृह जिना उतरलं की समोर होतं. तेजरामने चहाला सव्वा तास लावला. उपाहारगृहाचा भैयाजी दोनदा म्हणाला, "काय काका, चहा बनवून राहिले का खीर?" तेजराम पातेल्याकडे पाहत राहिला. सव्वा तासात पोरगी सरांना फोन करू शकत होती, रडू शकत होती, आहे ते आहे तसं राहू देऊ शकत होती. शंभर दाणे तीनदा मोजणारी पोरगी.

ट्रे घेऊन तो वर आला तेव्हा समिती कपाटासमोर उभी होती. तीन माणसं, गळ्यात विद्यापीठाच्या शाली. हटवार सर मधोमध, भाषणातल्या भाषेत. कपाट उघडं होतं.

बाटल्यांच्या पहिल्या दोन रांगांवर निळी, उजवीकडे झुकलेली अक्षरं होती. कुठे लेबल तिरपं, कुठे जरा वर. खालच्या रांगेला वेळ पुरला नव्हता. त्या बाटल्यांवरची तेजरामने लिहिलेली लेबलं भिंतीकडे फिरवून ठेवली होती. रुचिका खिडकीपाशी उभी होती आणि पदराने बोटं पुसत होती.

तेजरामची नजर दुसऱ्या रांगेत गेली. एकेचाळीस. पानबुडी, २००६. लक्ष्मणराव सरांचं अक्षर.

आणि बाटली भरलेली होती.

त्याने ट्रे सावरला. आतलं धान सोनेरी होतं, गुळगुळीत, बिनकुसळाचं. दुसऱ्या कुठल्यातरी बाटलीतून ओतलेलं. राख नीट पसरली होती, वर दोन पानंसुद्धा टाकली होती. पोरगी कामाची पक्की होती.

"अनटच्ड, सर," हटवार सांगत होते. "उन्नीस साल से किसी ने हाथ तक नहीं लगाया."

अध्यक्षांनी हात पुढे करून सतरा नंबरची बाटली घेतली. नेमकी तीच. लेबलावर अंगठा ठेवून त्यांनी ती उजेडात फिरवली, परत ठेवायला गेले, आणि बाटली अंगठ्याला चिकटून थोडी वर आली. त्यांनी अंगठा सोडवला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. त्यांच्यामध्ये गोंदाची तार निघाली.

सरांचं बोलणं अर्ध्यावर लटकलं. रुचिकाने पदर मुठीत धरला. अध्यक्षांनी लेबलाची ओली कड पाहिली, मग सरांकडे पाहिलं, मग, का कोण जाणे, ट्रे धरून उभ्या असलेल्या तेजरामकडे पाहिलं. तेजरामने नजर खाली घातली नाही. विचारा, तो मनात म्हणत होता. येक डाव विचारा, साहेब.

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला. अंगठा पुसला, मग बोट पुसलं, रुमालाची घडी केली.

"बिना शक्कर की है क्या कोई?" त्यांनी विचारलं.

"है साब," तेजराम म्हणाला, आणि डावीकडचा कप त्यांना दिला.

सगळे मोकळे झाले. कोणीतरी हसलं. सरांचं अर्धं वाक्य त्यांना परत सापडलं. तेजरामने एकेकाला कप दिला. रुचिकापुढे ट्रे धरला तेव्हा तिने नको म्हणून मान हलवली आणि मान वर केलीच नाही. शेवटचा कप सरांचा होता. सरांनी बशी हातात घेतली, काहीतरी खणखणलं म्हणून खाली पाहिलं. कपाच्या कडेला कपाटाची किल्ली होती.

"पुढच्या सालचं तुमचं तुमी पाहा, सर जी," तेजराम हळूच म्हणाला.

सर समितीकडे पाहत हसत राहिले.

तेजरामने ट्रे टेबलावर ठेवला आणि खाली उतरला. सायकलच्या हॅंडलला पिशवी अडकवलेली होती. प्रवेशद्वारातून, फ्लेक्सखालून, तो महामार्गावर आला. परे आजच टाकायला हवे होते. शंभरात एकोणचाळीस उगवणार, त्यातली डुकरं किती ठेवतात ते पुढचं पुढे. पायडल मारताना पिशवी दर फेरीला गुडघ्यावर आपटत होती, आणि कापडातून पानबुडीची कुसळं टोचत होती.

त्याने पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली नाही.